बराबरीचा भाव

चुकीचा हिशोब समोर दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आजही जाते. नातू म्हणतो, "आबा, भाजीवालीशी कायले भांडता?" अरे, मी भांडत नाही, तिचाच तोटा तिला समजावून सांगत असतो. ही खोड मला जिनातल्या काट्यावर लागली. महाराष्ट्र होऊन एकदोन वर्षं झाली असतील. पिंपळगाव राजाच्या अलीकडं आमचं गाव, गावाबाहेर कापसाचं जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, आणि जिनाच्या फाटकातून आत येणारी प्रत्येक बैलबंडी माझ्या काट्यावरून जायची. भरलेली तोलायची, कापूस उतरला की रिकामी तोलायची, आणि मग किलो म्हणजे किती शेर यावर शेतकऱ्याशी हुज्जत घालायची. लोक मला तिरसट म्हणायचे, पण काट्यावरचा माणूस खोटं सांगत नाही, हे गावात पक्कं होतं. त्या विश्वासाचं मी काय केलं ते आठवलं की अजूनही घास गोड लागत नाही.

जिनाच्या फाटकासमोर एक पानठेला होता. पानठेलेवाला माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, जिभेवर साखर, आणि पटाच्या दिवसांत पानाबरोबर पैजाही घ्यायचा. पट म्हणजे शंकरपट. कापूस घरात आला, ज्वारीची कणसं खळ्यावर पडली, की मोकळ्या रानात बैलजोड्या पळवायच्या. हलका छकडा, वर हाकणारा एक धुरकरी, दोन जोड्या शेजारी शेजारी सुटणार, हरली ती घरी जाणार, जिंकली ती पुढच्या फेरीत. आठ दिवस गावात दुसरं बोलणं नसायचं. पाहुणे यायचे, पोरी माहेरी यायच्या, आणि पानठेल्यावर रुपया-आठ आण्यांच्या पैजा लागायच्या. नवे पैसे आले होते खरे, पण पैज काही नव्या पैशांत लावल्यासारखी वाटायची नाही.

तर हा पानठेलेवाला भाव कसा द्यायचा? कोणतीही जोडी असो, रुपयाले रुपया. जिंकलात तर तुमचा रुपया परत आणि वर एक. आता एक जोडी सरस आणि एक मरतुकडी असली तर सगळे सरसवरच लावणार ना! दोन फेऱ्यांत त्याचा गल्ला रिकामा झाला आणि तो कपाळाला हात लावून बसला. मला राहवतंय कुठं!

"भाऊ, तुम्ही धंदा करून राह्यले का धरम?" मी विचारलं.

"काऊन, काय चुकलं?"

मग मी पानाच्या ओल्या फडक्यावर सुपारीची दहा खांडं मांडली. म्हटलं, समजा या दोन जोड्या दहादा पळवल्या. ही सहादा जिंकते, ती चारदा. मग चारवालीवर रुपया लावणाऱ्याला जिंकल्यावर वर दीड रुपया द्यायचा, हा खरा भाव. सहावालीवर लावणाऱ्याला दहा-अकरा आणे. पण असा खरा भाव दिला तर तुम्ही जन्मभर ना नफा ना तोटा, नुसता चुना कालवत बसाल. म्हणून शंभरातल्या साठाला तुम्ही सहासष्ट समजायचं, चाळिसाला चव्वेचाळीस, आणि भाव त्यावरून काढायचा. मग दीडाचा होतो सव्वा, आणि अकरा आण्यांचे होतात आठ. गिऱ्हाइकाला चार आणे कमी दिसले म्हणून कोणी घरी जात नाही.

"साठाचे सहासष्ट, चाळिसाचे चव्वेचाळीस," तो बोटं मोजत म्हणाला. "म्हंजे एकशे दहा झाले की. शंभराच्या वरचे हे दहा कोनाचे?"

"ते तुमचे."

त्याचे डोळे असे चमकले म्हणता! मला त्यानं पान दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून प्रत्येक फेरीआधी मला बोलावणं येऊ लागलं. मी ऐटीत जायचो. दोन्ही जोड्या नजरेखालून घालायच्या, मनात दहाचे वाटे करायचे, वरचे दहा त्यात मुरवायचे आणि दोन भाव सांगून पान चघळत निघून यायचं. पैसा मी एक घेतला नाही. लोक आपसात म्हणायचे, "भाव काट्यावाल्यानं लावला हाय," आणि ते कानावर पडलं की मला पानापेक्षा गोड लागायचं. शेखी मिरवायला माणसाला काय लागतं हो, दोन माणसांनी मान डोलावली की झालं.

त्या वर्षी शेवटच्या फेरीत दोन जोड्या राहिल्या. एक जालन्याकडून आलेली, काळीभोर, अंगावर माशी बसली तर घसरून पडेल अशी. दुसरी माझ्या मित्राची.

मित्र म्हणजे माझा लंगोटीयार. आमच्या घरांमध्ये एकच भिंत. लहानपणी त्याच्या आईनं भाकरी थापली की तिच्या हातची एक मला, हे ठरलेलं. पुढं मी चार बुकं शिकून काट्यावर बसलो, तो नाल्याकाठची आपली शेती करू लागला. ही जोडी त्यानं वासरं असल्यापासून वाढवली होती, दोन्ही पांढरी. स्वतःच्या ताटातली भाकर कुस्करून त्यांना घालायचा आणि बायकोच्या शिव्या हसत खायचा. गावची जोडी शेवटच्या फेरीत यायची ही कितीतरी वर्षांत पहिलीच वेळ होती, त्यामुळं गाव नुसतं पेटलं होतं.

पण माझ्या डोळ्यांना एक सवय लागली होती. दिवसभर काट्यावर बैल चढताना-उतरताना पाहायचे, दुसरं काम काय? कोणता बैल पाय पूर्ण टेकतो आणि कोणता टेकल्या टेकल्या उचलतो, हे मला लांबून कळायचं. मित्राचा डावीकडचा बैल पुढचा पाय जरा लवकर उचलत होता. आधीच्या फेरीत त्याच्या खुराला दगड लागला होता. मित्रालाही ते ठाऊक होतं. त्यानं खुराला हळद-तेल बांधलं होतं, आणि त्याची बायको कालपासून त्याच्या मागं लागली होती की जोडी काढून घ्या, नाव झालं तेवढं पुरे.

मी मनात दहाचे वाटे केले. सात जालन्याचे, तीन आपले. तिनाच्या वर अर्धासुद्धा नाही.

त्यावरून भाव काढला. मित्राच्या जोडीवर रुपयाला दोन रुपये, जालन्याच्या जोडीवर रुपयाला पाच आणे. वरचे दहा दोन्हीकडं सारखे मुरवलेले. पण तासाभरात पानठेलेवाला घामाघूम होऊन काट्यावर आला. सगळं गाव मित्राच्या जोडीवर लावून राह्यलं होतं. न्हावी, धोबी, मशिदीमागचा पिंजारी, आठवडी बाजाराला कोथिंबीर विकणारी म्हातारी. जोडी जिंकली असती तर पानठेल्याची फळी विकून पैसे द्यावे लागले असते.

आणि इथं माझ्या डोक्यानं ती चलाखी केली. मी त्याला म्हटलं, "भाऊ, जालन्यावर लावणारा माणूस भाव पाहून लावते. त्याले दोन आणे जास्त दिले की तो धावत येते. आपल्या गावातला माणूस भाव पाहूनच नाई राह्यला. तो मायेनं लावून राह्यला. त्याले दोन द्या नाहीतर एक द्या, तो लावणारच. मंग सगळा नफा तिथंच घ्या ना. जालन्याले सात आणे करा, खरा भाव. आपल्या जोडीले रुपयाले रुपया."

"बराबरीचा भाव?" तो म्हणाला. "लोकाइले पटन?"

"लोक खुश होतीन," मी म्हटलं.

आणि तसंच झालं हो! खरं तर त्यांचा सव्वादोन रुपयांचा हक्क मी एका रुपयावर आणला होता, आणि लोक मात्र आपलीच पाठ थोपटून घेत होते. "काट्यावाल्यानं आपली जोडी बराबरीत धरली!" ही बातमी पानठेल्यावरून चावडीवर, चावडीवरून विहिरीवर गेली. जालन्याच्या जोडीला काय भाव आहे हे आमच्या गावात कोण विचारतो? दोन्ही भाव शेजारी ठेवून बेरीज केली असती तर शंभराचे एकशे वीस झालेले दिसले असते. पण बेरीज करणारा गावात मी एकटाच.

शेवटच्या फेरीच्या दिवशी सकाळी मी पानठेल्यावर उभा होतो, तर मित्र आला. डोळे तांबारलेले. बैलाजवळ बसून काढली असावी रात्र. चारपाच माणसं उभी होती, त्यानं कोणाकडं पाहिलं नाही, सरळ माझ्याकडं आला.

"खरं सांग बे," तो म्हणाला. "भाव तूच लावला ना?"

"हाव."

"दुसऱ्या कोनी नाई?"

"दुसऱ्या कोनाले येते का?" मी म्हटलं. बघा, तेव्हासुद्धा शेखी.

त्यानं माझा खांदा धरला. "मी जोडी काढूनच घेनार होतो गड्या. बायको रडून राह्यली, पाय ठनकते म्हनते. मलेही वाटे, आपन कुठं अन् ते जालनेवाले कुठं. पन मंग आयकलं का तू बराबरीत धरलं. म्हटलं, जो दिवसाचे शंभर बैल पाह्यते, त्याले दिसलंच असंन का नाई? तो माह्या तोंडावर पाहून थोडीच भाव लावन?"

पानठेलेवाला पानाला कात लावत होता, त्याचा हात थांबला. मला एकच वाक्य बोलायचं होतं. जोडी काढ बे, तो भाव खोटा आहे. इतकं सोपं! पण ते बोललो असतो तर मग खरा भाव काय, तो का बदलला, कोणी बदलायला सांगितला, हे सगळं त्या चारपाच माणसांसमोर बाहेर आलं असतं. आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की त्यावर पाणी टाकायला जीभ रेटेना. आता हे दुसरं कारण मी मागाहून स्वतःच्या समाधानासाठी जोडलं असेल. पहिलं मात्र खरं आहे.

मी पानठेलेवाल्याला म्हटलं, "चुना जरा कमी लावजा." आणि मित्राच्या पाठीवर थाप मारली.

पट सुटला तेव्हा मी धावपट्टीच्या शेवटाला, बाभळीखाली उभा होतो. सुरुवातीला मित्राची जोडी पुढं होती. खरंच होती. गाव असं ओरडत होतं की मलाही वाटलं, तीन तर तीन, दहातले ते तीन आजच का नसतील? मी तोंडात रुमाल कोंबून उभा राहिलो. अर्ध्यावर जालन्याची काळी जोडी बरोबरीला आली, मित्रानं हाळी दिली, त्याच्या हाळीला त्या बैलांनी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही म्हटलं नाही. डाव्यानं जीव लावून पाय टाकला आणि तो पाय गुडघ्याखाली दुमडला. छकडा उलटला. मित्र लांब फेकला गेला, धूळ बसायच्या आत उठला आणि लंगडत बैलाकडं धावला. बैल उठायची खटपट करत होता, उजव्याला जुवासकट खाली ओढत होता. मोडलेला पाय कापडासारखा हलत होता. मी बाभळीला धरून राहिलो.

खामगावहून ढोरांचा डॉक्टर आला, त्यानं पाहिलं आणि मान हलवली. बैल आठवडाभर गोठ्यात पडून होता. मित्रानं त्याला कूस बदलायला माणसं बोलावली, त्यात मीही होतो. बैलाच्या पोटाखाली हात घालून उचलताना त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागायचा. एकदा मित्राची बायको मला म्हणाली, "भाऊजी, तुमच्या भावावर गेले हो ते. नाईतर माह्यं आयकत होते." तिनं दोष दिला नव्हता, जे घडलं ते सांगितलं होतं. मी खाली पाहत पेंढा सरळ करत बसलो.

बैल गेला. एकटा राहिलेला उजवा दुसऱ्या कोणाबरोबर चालेना. सोबतीला बांधलेल्या प्रत्येक बैलाला शिंग मारायचा. शेवटी मित्रानं तो वरवट बकालच्या आपल्या साळ्याला देऊन टाकला, शेत बटईनं लावलं, आणि मी खटपट करून त्याला जिनात लावून घेतलं. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा!

पटानंतर पंधरा दिवसांनी पानठेलेवाल्यानं मला पॉपलिनचं कापड आणून दिलं. एका सदऱ्यापुरतं, आकाशी रंगाचं. मी नको म्हटलं, पण परत केलं असं नाही. बायकोनं शिंप्याकडं टाकलं. तो सदरा घालून काट्यावर गेलो त्या दिवशी मित्र कापसाचं बोचकं उतरवत होता. जवळ आला, दोन बोटांत बाही धरून पाहिली. "झकास कापड हाय बे," म्हणाला. मी तो सदरा पुन्हा घातला नाही. बायको विचारत राहिली, काऊन घालत नाही, आखूड झाला का.

पुढं कितीतरी हंगाम आम्ही एकाच फाटकाच्या आत काढले. आणि प्रत्येक हंगामात एक गोष्ट व्हायची. नवा कारकून आला, नवा हमाल आला, एखादा व्यापारी आला, की मित्र त्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगायचा, "हा काट्यावाला. यानं माही जोडी जालन्याच्या बराबरीत धरली होती." छाती पुढं काढून सांगायचा. हरलो, बैल गेला, शेती सुटली, हे त्यात नसायचं. ज्याला कळतं अशा माणसानं मला बरोबरीचा मानलं, एवढंच. मी दरवेळी वजनाच्या चिठ्ठीत डोकं खुपसायचो. तोंडावर थुंकला असता तर बरं वाटलं असतं.

मग एका पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. कोमट तुपात हळद कालवायची, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. गल्लीभर ते चाललं होतं. मित्राच्या अंगणात बैल नव्हते. तो ओट्यावर बसला होता, मांडीवर जुनं जू घेतलं होतं, आणि वाटीतली हळद-तूप त्या लाकडाला चोळत होता. जिथं डावा खांदा यायचा तिथं जरा जास्त.

मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "तुले एक सांगाचं हाय."

"सांग ना."

मी अंगणातले दहा खडे गोळा केले. सात तिकडं, तीन इकडं. "हे तुह्ये," मी म्हटलं. "मले तवा हे तीनच दिसले होते." तो खड्यांकडं पाहत राहिला, हात जुवावर तसाच. मी सगळं सांगितलं. खरा भाव सव्वादोनाच्या वर, मग वरचे दहा मुरवून झाले दोन, मग लोकांनी लावलं म्हणून दोनाचा एक. जालन्यावर लावणाऱ्यांकडून काहीच घेतलं नाही, सगळं आपल्या गावाकडून घेतलं. बराबरीत तुला कोणीच धरलं नव्हतं. तो पानठेल्याचा नफा होता.

तो बोटानं खडे पुन्हा मोजू लागला. त्याला हिशोब कळला नसावा असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं हायसंही वाटलं. मग तो म्हणाला, "म्हंजे लोकाइनं लय लावले म्हून भाव खाली आला?"

"हाव."

"इतके लावले होते?"

"साऱ्या गावानं."

"कोन कोन?"

मी नावं सांगू लागलो. न्हावी. धोबी. पिंजाऱ्यानं दोनदा. कोथिंबीरवाल्या म्हातारीनं कमरेचा बटवा रिकामा केला होता. "तुह्या बायकोनं पन," मी म्हटलं. "जोडी काढा म्हनून रडत होती, अन् पोराच्या हातानं रुपया पाठवला होता."

"आमच्या हिनं?" तो हसला. कितीतरी वर्षांनी असा हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरात पाहून ओरडला, "आयकलं का ओ, चोरटे!" मलाही हसू आलं. वाटलं, सुटलो. इतकी वर्षं उगाच हे वजन घेऊन फिरलो.

मग त्यानं बोट हळदीच्या वाटीत बुडवलं, जुवाला लावलं, आणि वर न पाहता विचारलं, "आन् तू? तू किती लावले होते?"

गल्लीत कोणाचा तरी बैल घंटा वाजवत गेला. मला खोटं बोलता आलं असतं. पाच रुपये म्हटलं असतं तरी त्यानं मानलं असतं, काट्यावरचा माणूस ना मी.

"काई नाई," मी म्हटलं.

"काई नाई?"

"मले खरा भाव मालूम होता."

त्यानं मान हलवली. तीन खडे उचलून अंगणात टाकले, सात तसेच राहिले. "बरं झालं," तो म्हणाला, आणि आवाजात राग नव्हता, हे मी शंभरदा आठवून पाहिलं आहे, नव्हताच. "तुह्यं तं नुकसान नाई झालं." मग आत हाक मारून त्यानं माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि चहा घेऊनच मी निघालो.

त्या दिवाळीनंतर जिन सुरू झालं तेव्हा अकोल्याहून एक नवा कारकून आला. पहिल्याच दिवशी मित्र त्याला सगळं दाखवत फिरत होता. हे गोदाम, ही सरकीची जागा, ही विहीर. मग ते काट्यापाशी आले. मी सवयीनं चिठ्ठीत डोकं खुपसलं आणि त्या वाक्याची वाट पाहू लागलो.

"हा काट्यावाला," मित्र म्हणाला, आणि त्याला घेऊन पुढं गेला.